पसंतीक्रम आपल्याकडे आहेच

‘पसंतीक्रमाचं मतदान आपल्या मतदाराला झेपणार नाही’ असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात आपण तेच तर करतो! केंद्रावर जांभळा स्केचपेन देतात, नावांपुढे १, २, ३ आकडे घालायचे; खिशातलं पेन चालत नाही, बरोबरची खूण केली तर मत बाद. मागच्या वेळी मी चौघांना क्रम दिले. पहिला बाद झाला तरी मत पुढच्याकडे जातं, हा दिलासा लोकसभेला मिळत नाही.

१९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक बघा, तीही पसंतीक्रमाचीच. व्ही. व्ही. गिरी पहिल्या पसंतीत ४,०१,५१५ मतमूल्यासह (तिथे प्रत्येक खासदार-आमदाराच्या मताला ठरावीक वजन असतं) आघाडीवर होते, पण कोटा, म्हणजे जिंकायला लागणारा किमान आकडा, होता ४,१८,१६९. नुसतं पुढे असून भागलं नाही. दुसऱ्या पसंतीची मतं मिळून ४,२०,०७७ झाली, तेव्हाच ते निवडून आले.