किनाऱ्यावरचा पिलबॉक्स ओळखायचा आहे

वाळूवाट
नमस्कार मंडळी. परवा इंग्लंडमधल्या सफोकच्या किनाऱ्याने चालताना गवतात अर्धवट बुडालेली काँक्रीटची एक बुटकी खोली दिसली. बाजू सहा, पण मागची भिंत बाकीच्यांपेक्षा बरीच लांब. त्याच भिंतीत दार आणि दाराच्या दोन्ही अंगांना एकेक अरुंद फट. डोकावून पाहिलं तर आत मधोमध वाय आकाराची भिंत. छतावर लाकडी फळ्यांचे ठसे इतके स्पष्ट, की लाकडातल्या गाठीसुद्धा मोजता याव्यात. दुसऱ्या महायुद्धातला पिलबॉक्स, म्हणजे आत लपून फटींतून गोळीबार करायचं छोटं ठाणं आहे एवढं समजलं, पण त्यापुढे काहीच माहीत नाही. ती मधली भिंत कशासाठी? नेमका प्रकार कसा ओळखायचा? आणि आत जावं का?

जंग्यावाला
मागची भिंत लांब आणि दाराशेजारी दोन फटी म्हणजे टाइप २४. सहाही बाजू सारख्या असत्या तर टाइप २२ म्हटलं असतं. हे क्रमांक १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटिश युद्धखात्याने काढलेल्या आराखड्यांचे. जर्मन सैन्य चालून येईल अशी भीती होती. फ्रान्समधल्या डंकर्क बंदरातून ब्रिटिश सैनिक परत आले, पण त्यांच्या तोफा आणि रणगाडे फ्रान्समध्येच राहिले. जनरल आयर्नसाइड यांच्याकडे मायदेशाच्या बचावाचं काम आलं तेव्हा हाताशी होतं ते मुख्यतः काँक्रीट. काही महिन्यांत देशभर पिलबॉक्स आणि तशी पक्की ठाणी मिळून सुमारे २८,००० बांधली गेली. आज त्यातली साडेसहा हजारांच्या आसपास उरली आहेत.

मधली भिंत जीव वाचवण्यासाठी. फटीतून आत घुसलेली गोळी समोरच्या भिंतीवर आपटून खोलीभर उसळते. मध्ये आडोसा असला तर निदान पलीकडची माणसं वाचतात, शिवाय छतालाही आधार मिळतो. फटींच्या कडाही बघा. काही ठिकाणी त्या पायऱ्यापायऱ्यांच्या असतात, म्हणजे कडेला लागलेली गोळी घसरत आत येत नाही.

फळ्यांचे ठसे साच्याचे. लाकूड टंचाईचं होतं, म्हणून पुष्कळ ठिकाणी विटांचाच साचा केला आणि तो तसाच ठेवला. असा पिलबॉक्स बाहेरून साध्या विटांच्या खोलीसारखा दिसतो आणि लोक सरळ पुढे निघून जातात. बांधणारे बहुतेक स्थानिक कंत्राटदार, त्यामुळे एकाच आराखड्याचे दोन पिलबॉक्ससुद्धा तंतोतंत जुळत नाहीत. मला या फरकांचंच वेड आहे. काँक्रीट जिथे फुटलं असेल तिथे नीट पाहा, समुद्रावरचे गुळगुळीत गोटे सापडतील. जवळच्याच किनाऱ्यावरून उचलून कालवलेले.

आता माझी एक विनंती. आत शिरायची घाई करू नका. आधी प्रत्येक फटीला पाठ लावून बाहेर उभे राहा आणि ती कुठे बघते ते पाहा. मी नॉर्थम्बरलंडला ड्रुरिज बे इथे गेलो होतो, तिथला पिलबॉक्स पडक्या घराच्या रूपात बांधलेला आहे. पहिल्या फेरीत मी त्याच्या बाजूने चालत गेलो आणि मला तो पडकं घरच वाटला. परत येताना फटीपाशी उभा राहिलो, समोर सगळी पुळण उघडी पडलेली दिसली, आणि जागा का निवडली ते एका क्षणात कळलं. पेव्हन्सीला तर मूळच्या रोमन किल्ल्याच्या पडक्या तटातच पिलबॉक्स दडवले आहेत, जुन्याच दगडांचा मुलामा देऊन. तिथे जंग्या, म्हणजे गोळीबाराच्या फटी शोधताना माझी अख्खी दुपार गेली आणि तरी पुन्हा जायचं आहे.

गोल पिलबॉक्स दिसला तर थांबा. नॉरफकमध्ये काही गोल पिलबॉक्स पहिल्या महायुद्धातले आहेत.

नोंद जरूर करा. १९९५ ते २००२ या काळात 'डिफेन्स ऑफ ब्रिटन' प्रकल्पात स्वयंसेवकांनी गावोगाव हिंडून जवळपास २०,००० ठिकाणं नोंदवली. ती यादी ऑनलाइन आहे, तुमचा पिलबॉक्स तिच्यात आहे का ते तपासा. पूर्व किनाऱ्यावर हे काम उद्यावर टाकू नये. एसेक्समध्ये वॉल्टन-ऑन-द-नेझला कड्यावर बांधलेला पिलबॉक्स आता खाली वाळूवर पडलेला आहे. पिलबॉक्स हलला नाही, त्याच्या पायाखालचा कडा समुद्राने खाल्ला.

सांजवारा
वरच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली. पिलबॉक्समध्ये वटवाघळं राहतात, थंडीत तर दीर्घ झोपेत असतात. तिथल्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, त्यांच्या ठिकाणाला त्रास देणं गुन्हा ठरतो. सांध्यांत काळ्या बारीक लेंड्या दिसल्या की मागे फिरा. जमीन कुणाची आहे ते विचारून घ्या. ओहोटीची वेळ आधी बघा आणि पावसानंतर मातीच्या कड्याखाली अजिबात थांबू नका. वाळूत गंजलेलं काही गोलसर, लांबोडकं दिसलं तर हात न लावता दूर होऊन ९९९ या आपत्कालीन क्रमांकाला कळवा. या किनाऱ्यांवर सुरुंग पेरलेले होते.

वाळूवाट
जंग्यावालादादा, सांजवारा, मनापासून आभार. शनिवारी टेप घेऊन पुन्हा गेलो. मागची भिंत सव्वाचार मीटर भरली, बाकीच्या अडीचच्या आत. टाइप २४ च. दादांनी सांगितल्याप्रमाणे, दाराशेजारच्या दोन सोडून बाकीच्या पाचही फटींना पाठ लावून उभा राहिलो. दोन समुद्राकडे, दोन किनाऱ्याला समांतर. पाचवीसमोर नुसती झुडपं होती. ती बाजूला सारत वीसेक पावलं गेलो तर खाली ओहोळ समुद्राला मिळतो ती जागा. त्या दिवसापर्यंत तिथे ओहोळ आहे हेच मला माहीत नव्हतं.

आत गेलो नाही. दाराच्या वरच्या सांध्यात लेंड्या होत्या. फोटो बाहेरूनच काढलेत, संध्याकाळी इथे टाकतो. फुटक्या कोपऱ्यात गोटे आहेत, आणि एक अख्खी शिंपलीसुद्धा.