मदत हवी आहे: मुलींच्या खो-खो संघाचा सराव

राम राम मंडळी. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावात मुलींचा चांगला खो-खो संघ आहे. जुन्या सरांची बदली झाली आणि सरावाची घडीच मोडली. त्यांनी एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या खेळाडूंच्या मधून नागमोडी पळत बचाव करणं, इतकी घोटून घेतली होती की आमची पहिली तुकडी (आधी पळायला उतरणाऱ्या तिघी) बाद करता करता समोरच्या संघाची दमछाक व्हायची. नवे सर मेहनती आहेत, पण सगळा भर आक्रमणावर. पळणारीला बाद करायला खांबावर सूर मारायचा सराव कडक जमिनीवर चालतो, पोरींची कोपरं सोलून निघालीत. आक्रमण पाहिजेच, पण संरक्षण ढिलं पडलं की सामना हातचा जातो, हे माझं ठाम मत.

2025 चा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. आमच्या पोरी तिचं नाव घेऊन मैदानात उतरतात हो!

जाणकार दादा-ताईंनी सांगावं: खांबाजवळची माती किती उकरून भुसभुशीत ठेवावी? कळंब-भूम भागात संध्याकाळी धावण्याचा सराव घेणारी कुणी माजी खेळाडू आहे का? आणि सरांचा मान राखून हा विषय त्यांच्याकडे कसा काढावा?