मदत हवी आहे: काकईचे (शिनाण्यांचे, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचे) झुबके दोरावरून घसरतात, उपाय काय?

खाडीतल्या रॅकवर (खांब रोवून केलेल्या मांडवावर) हिरव्या काकईची लागवड आहे. १४ मिमी नायलॉन दोर, २०-२५ मिमीचं बियाणं (लहान काकई), मीटरला साधारण दीड किलो, वरून सुती मच्छरदाणीचं कापड शिवलेलं. खारटपणा ३० पीपीटीच्या (हजार भाग पाण्यात क्षाराचे भाग) वर, दोराचं टोक ओहोटीलाही तळापासून फूटभर वर, म्हणजे खेकड्यांचा प्रश्न नाही.

अडचण अशी: कापड कुजून गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अख्खे झुबके खाली सुटतात. पडलेला झुबका उलगडून पाहिला तर बायससचे (काकई स्वतःला चिकटवायला सोडते ते) धागे शिंपल्या-शिंपल्यांत घट्ट विणलेले, पण उघडा पडलेला दोर अगदी गुळगुळीत, त्यावर धाग्याचा एक ठिपकाही नाही. म्हणजे आतल्या थराने दोर पकडलाच नाही. मेलेली काकई मात्र फारशी दिसत नाही.

माझा संशय दाट पेरणीवर आणि नव्या दोराच्या गुळगुळीतपणावर आहे. बियाणं मीटरला ५००-७५० ग्रॅमवर आणावं का? दर २५ सेंटिमीटरला बांबूची खुंटी अडकवली तर घसरण थांबते का, की जुना, खरबरीत दोरच बरा? कापड दोन दिवसांत कुजतं, ते जास्त टिकणारं घ्यावं का? पुन्हा पेरायला आता फार दिवस नाहीत, पावसाचं गोडं पाणी येण्याआधी काढणी व्हायलाच हवी. ज्यांनी दोर भरलेत त्यांनी कृपया मापांसकट सांगा.