टाऊनशिपमधे घर घ्यायचं ठरलंय, पण आतला सेक्टर कुठला घ्यावा? (विजापूर रोड, सोलापूर)

दमाणीनगरकर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, वेळ काढून वाचा. आम्ही दमाणी नगरला भाड्यानं राहतो, घरात मी, बायको, दुसरीतली मुलगी आणि आई-बाबा. आईचे गुडघे गेलेत त्यामुळं जिना आता होत नाही, म्हणून रो हाऊसच बघायचं ठरवलं. विजापूर रोडला सैफुलच्या पुढं एक मोठी टाऊनशिप आहे, साधारण पन्नास एकर, नाव मुद्दाम लिहीत नाही. टाऊनशिप सगळ्यांना आवडली, भाव पण कसाबसा बसतोय, पण आत तीन सेक्टर आहेत आणि तिथंच महिनाभर अडकलोय.

ए सेक्टर गेटजवळ आहे, सहा वर्षं झाली, लोक राहतात, झाडं पण मोठी झालीयत, पण घरं रिसेलची. बी मधोमध आहे, क्लबहाऊस आणि गार्डनच्या समोर, घरं तयार आहेत पण निम्म्याला कुलूप, आणि भाव सगळ्यात जास्त. सी एकदम मागं, ओढ्याच्या बाजूला, अजून नुसता मुरूम टाकलेला रस्ता, ताबा दोन वर्षांनी, पण एपेक्षा सात लाखांनी कमी. सेल्सवाला म्हणतो मागून पण एक गेट होणार, शाळा होणार, मग सीचा भाव एच्या पुढं जाईल. सात लाख म्हणजे आमच्यासाठी लहान रक्कम नाही, माझी नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे, पगार ठराविक. बायकोला बी पाहिजे कारण मुलीला गार्डन समोर, बाबा म्हणतात कुठंही घे पण दर सोमवारी सिद्धेश्वराला जाता आलं पाहिजे. जे अशा टाऊनशिपमधे राहतात त्यांनी सांगा, आतली जागा निवडताना नेमकं काय बघायचं?

होटगीरोडवाला

दादा, मी होटगी रोडच्या एका टाऊनशिपमधे पाच वर्षं राहतोय, अनुभवानं सांगतो, सोलापुरात पहिला प्रश्न पाण्याचा, गार्डन अन् क्लबहाऊस त्याच्या नंतर. उजनीचं पाणी शंभर किलोमीटरच्या वरून येतं, वाटेत कुठं पाइप फुटला की अख्ख्या गावाचं वेळापत्रक कोलमडतं, आणि एरवी सुद्धा चार-पाच दिवसाआड पाणी हे आपल्याला नवीन नाही. टाऊनशिपवाले सांगतात आमची स्वतःची टाकी आहे, २४ तास पाणी. टाकी असते की, पण त्या टाकीत पाणी कुठून येतं ते विचारा. मनपाचं कनेक्शन आहे का, का नुसती बोअर अन् टँकर? जागा मनपा हद्दीत आहे का ग्रामपंचायतीत? बऱ्याच लोकांना घर घेतल्यावर कळतं की हद्द अलीकडंच संपते.

आता सेक्टरचं. आमच्याकडं टाकी गेटजवळ उंचावर आहे आणि माझं घर लाईनच्या शेवटी. पहिली दोन वर्षं नळ सोडला की पहिल्या लेनवाले अंगण धुवायचे आणि आमच्याकडं करंगळीएवढी धार. उन्हाळ्यात बायको पहाटे साडेचारला उठून खालच्या संपमधे (जमिनीखालच्या टाकीत) पाणी पडतंय का ते कान लावून ऐकायची. शेवटी आम्ही आठ घरांनी मिळून सोसायटीच्या मागं लागून आमच्या लेनला वेगळा व्हॉल्व बसवून घेतला तेव्हा कुठं सुधारलं. म्हणून सांगतो, तुम्ही सेल्स ऑफिसात बसू नका, व्हॉल्व सोडणाऱ्या माणसाला गाठा, चहा पाजा आणि विचारा की पाणी सगळ्यात शेवटी कुठल्या लेनला पोचतं. त्याला सगळं पाठ असतं. आणि कुणाच्या तरी घरात जाऊन बाथरूमचा नळ बघा, पांढरा थर चढला असेल तर वापरायला बोअरचं जड पाणी आहे, गीझरची कॉइल दरवर्षी बदलायची तयारी ठेवा.

मुरूम_आणि_माती

मी सिव्हिल इंजिनियर आहे, गेली अठरा वर्षं याच जिल्ह्यात काम करतोय. वरच्यांनी पाण्याचं बरोबर सांगितलंय, मी जमिनीचं सांगतो.

सी सेक्टर ओढ्याला लागून आहे असं तुम्ही लिहिलंय, तिथं मी सगळ्यात आधी थांबेन. २०२० च्या ऑक्टोबरमधला पाऊस आठवा, आणि २०२५ च्या सप्टेंबरमधे सीना नदीला जो पूर आला तो तर ताजाच आहे. आपल्याकडचा ओढा दहा महिने कोरडा असतो, त्यात बाभळी वाढलेल्या असतात, म्हणून बघणाऱ्याला वाटतं याला काय पाणी येणार, आणि नेमकं तेच फसवं असतं, कारण वरच्या बाजूला जेवढे लेआउट झाले तेवढं पाणी जमिनीत मुरायचं थांबलं आणि सगळं एकदम ओढ्यातच उतरतं. त्यामुळं पन्नास वर्षांच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला पण विचारून पूर्ण उत्तर मिळत नाही. तरी विचारा, पूर्वी पाणी कुठवर यायचं ते तो बोट दाखवून सांगेल, आणि त्याच्यावर अजून थोडं धरा. घराच्या प्लिंथची म्हणजे जोत्याची उंची रस्त्यापेक्षा किती आहे आणि रस्ता ओढ्याच्या काठापेक्षा किती उंच आहे, हे दोन आकडे मागा.

दुसरं, माती. ओढ्याकडच्या सखल भागात काळी माती खोल असते, वरच्या अंगाला मुरूम लवकर लागतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया नीट खाली नेला नसेल तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात. सीमधे एखाद्या घराचा पाया खणलेला असेल तर खड्ड्यात वाकून बघा, काळं किती फूट आहे आणि मुरूम कुठं सुरू होतो ते डोळ्यांना दिसतं, त्याला इंजिनियर लागत नाही.

तिसरं, सांडपाण्याचा प्लांट. तो नेहमी सगळ्यात खालच्या कोपऱ्यात असतो, म्हणजे तुमच्याकडं सीमधेच असणार. आपल्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, तर प्लांटच्या पूर्वेला घर असेल तर वास घरात. आणि ऊन. मे महिन्यात ४४ डिग्री म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको. मोठी खोली पश्चिमेला अन् समोर मोकळं मैदान असेल तर भिंत रात्री अकरापर्यंत तापलेली राहते. आई-बाबा दिवसभर घरात असणार आहेत, त्यांची खोली पूर्वेला किंवा उत्तरेला पडेल असंच घर घ्या, मग सेक्टर कुठला का असेना.

अजून एक, हे माझ्या आवडीचं आहे म्हणून लिहितो. नियोजित वसाहतीत वस्ती कशी पाडायची याचा एक जुना हिशेब आहे, १९२९ मधे क्लॅरन्स पेरी नावाच्या अमेरिकन माणसानं मांडला होता, की शाळा मधे ठेवायची, लहान मूल साधारण ४०० मीटर चालून मोठा रस्ता न ओलांडता पोचलं पाहिजे, दुकानं कडेला, आणि धावती वाहनं वस्तीच्या बाहेरून. चंदीगडचे ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर पण याच जातीचे. आपली पन्नास एकराची टाऊनशिप म्हणजे असल्या एका सेक्टरच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. मग त्यात शाळा, बाजार, दवाखाना सगळं येणार असं कुणी म्हणत असेल तर प्लॅनवर बोट ठेवून दाखव म्हणावं. तुमच्या घरापासून रोज लागणाऱ्या गोष्टी पायी किती मिनिटांवर आहेत ते चालून बघा, आईंना बरोबर घेऊन.

शीतल_जुळे_सोलापूर

दादा, मी बाईच्या नजरेनं सांगते. आमचं पण बी सारखंच होतं, गार्डनसमोरचं घर, मीच हट्ट धरलेला. पहिले सहा महिने फार छान वाटलं. मग क्लबहाऊस भाड्यानं द्यायला लागले, लग्न, बारसं, वाढदिवस, आणि लग्नसराईत रात्री अकरापर्यंत डीजे. खिडकीची काच थरथरायची, मुलाची दहावी होती त्या वर्षी आम्ही त्याला अभ्यासाला माहेरी पाठवलं. गार्डन पाहिजे तर दोन लेन मागं घर घ्या, मूल चालत जातं, आवाज तेवढा येत नाही. वहिनींना सांगा एकदा लग्नाच्या तिथीला संध्याकाळी तिथं जाऊन उभ्या राहा.

आणि निम्मी घरं कुलूपबंद आहेत ना, ते मला जास्त खटकलं. गुंतवणुकीला घेतलेली घरं असतात ती, मालक पुण्यात नाहीतर परदेशात. दिवसा सगळे कामाला, शेजारी कुलूप, आणि तुमची आई एकटी. माझ्या सासूबाई पहिलं वर्ष नुसत्या दारात बसून असायच्या, बोलायला माणूस नाही. आता समोर एक तेलुगू आजी राहायला आल्यात, दोघींना एकमेकींचं धड कळत नाही तरी रोज पाच वाजता कट्ट्यावर बसून भाजी निवडतात. संध्याकाळी सात वाजता जाऊन नुसते लागलेले दिवे मोजा. जिथं दिवे जास्त तिथं भाजीवाला येतो, रिक्षा येते, शाळेची बस आतपर्यंत येते.

कागद_आधी_बघा

सेल्सवाल्यानं तोंडी सांगितलेली शाळा अन् मागचं गेट यांच्यासाठी सात लाखाचा हिशेब करू नका. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर जा. टाऊनशिपचा प्रत्येक टप्पा वेगळा प्रोजेक्ट म्हणून रजिस्टर असतो, म्हणजे ए, बी, सी यांचे नंबर वेगळे, ताब्याच्या तारखा वेगळ्या. क्लबहाऊस, एसटीपी (सांडपाण्याचा प्लांट), मागचा रस्ता कुठल्या टप्प्यात धरलाय आणि त्याची तारीख काय ते तिथं बघा. मंजूर लेआउट उघडा, शाळा असं लिहिलंय का नुसतं अॅमेनिटी स्पेस म्हणजे सुविधांसाठी राखीव जागा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणं मंजूर लेआउट बदलायचा तर त्या प्रोजेक्टमधल्या दोन तृतीयांश घरमालकांची लेखी संमती लागते, पण जे प्लॅनवर नव्हतंच त्याच्याबद्दल तुम्ही भांडणार कशावर? मागच्या गेटसाठी पलीकडची जमीन कुणाची आहे, तिचा सातबारा काढा, ऑनलाइन निघतो.

सी घेतलंच तर रजिस्टर्ड करारनामा होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे द्यायचे नाहीत, कायदाच आहे. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरनं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा. ए मधे रिसेल घेणार तर भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीची एनओसी, मेंटेनन्सची थकबाकी, आणि घर लोनवर असेल तर बँकेचं पत्र. वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, जोडीला नवऱ्याचं नाव घातलं की जाते. नोकरदाराला ती रक्कम लहान नसते.

बाळ्याचा_पप्पू

सगळे सीला नावं ठेवायला लागलेत म्हणून लिहितो. मी पुणे रोडला बाळ्याच्या पुढं असंच शेवटच्या टप्प्यात घेतलं होतं, तेव्हा लोक वेड्यात काढायचे, आज रस्ता झाला, दिवे आले, मी सुखात आहे. पण माझं वय तेव्हा अठ्ठावीस होतं, आई-बाप गावाकडं, मूल नव्हतं, चार वर्षं धूळ खायला मी तयार होतो आणि भाडं न भरता मामाच्या घरी राहत होतो. हितं दादाला भाडं पण भरायचंय अन् हप्ता पण. दोन वर्षांचं भाडं अन् बांधकाम होईपर्यंतचं व्याज धरा, सात लाखातले किती उरतात ते कागदावर मांडा. ताबा लांबला तर अजून कमी. ओढा लांब असता तर मी सी घ्याच म्हटलं असतं.

दमाणीनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं घरच्यासारखं कुणी सांगत नाही. रविवारी पुन्हा गेलो, यावेळी सेल्स ऑफिसला न सांगता, आईला घेऊन.

व्हॉल्ववाला भेटला. पाणी आधी एला, मग बीला, सीची लाईन अजून टाकलेलीच नाही, ती बीच्या शेवटच्या लेनमधूनच पुढं जाणार म्हणाला. सीमधे एक पाया खणलेला होता, मी टेप नेली होती, साडेसहा फूट काळी माती, खाली अजून मुरूम दिसत नव्हता, आणि तळाला पाणी साचलेलं. रेराच्या साइटवर शाळा कुठंच नाही, अॅमेनिटी स्पेस एवढंच लिहिलंय. मागच्या गेटच्या पलीकडं चार भावांची सामायिक जमीन आहे, तिथं ज्वारी उभी होती. भाडं अन् व्याज मांडलं तर सात लाखातले साधारण अडीच उरतायत.

बीमधे संध्याकाळी सातला दिवे मोजले, चोवीस घरांत नऊ. बायको गप्प झाली. मग एच्या तिसऱ्या लेनमधे गेलो, तिथं एक पूर्वेकडं तोंड असलेलं घर विकायचंय, मालक मुलाकडं हैदराबादला चाललेत. मागची पश्चिमेची भिंत शेजारच्या कडुनिंबाच्या सावलीत आहे. गार्डन तिथून मुलीच्या चालीनं चार मिनिटं, घड्याळ लावून बघितलं. आई कट्ट्यावर बसली तर पलीकडच्या काकूंनी आतून पाणी आणून दिलं आणि गुडघ्याला काय लावता विचारलं, दोघी अर्धा तास तेच बोलत होत्या. मालक भाव अजून पाऊण लाखानं कमी करतील असं वाटतंय, बोलणी चालू आहेत. टोकन दिलेलं नाही. स्टॉपवर बसची पण चौकशी केली, बाबांचं सोमवारचं जमतंय.

उद्या बाबांना सिद्धेश्वराला सोडून मी सब-रजिस्ट्रार ऑफिसला इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) काढायला जातोय, मागच्या ३० वर्षांच्या व्यवहारांचा सर्च वकिलाकडं दिलाय. कागद_आधी_बघा, एक विचारायचं होतं, मालकांचं लोन २०२३ मधेच फिटलंय असं ते म्हणतात पण बँकेकडून मूळ करारनामा अजून परत आणलेला नाही, तर टोकन द्यायच्या आधी तो हातात बघू का बँकेचं नुसतं पत्र चालेल?

कागद_आधी_बघा

मूळ करारनामा बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. मालकांबरोबर तुम्ही स्वतः बँकेत जा, कागद काउंटरवर मिळतात तेव्हा शेजारी उभे राहा.