विंड्रश प्रकरण: कायदेशीर माणूस 'बेकायदा' ठरला कसा?

भटकभवान्या:
विंड्रश पिढी म्हणजे ('एम्पायर विंड्रश' या जहाजावरून नाव पडलेली) लहानपणी जमैकाहून ब्रिटनला आलेली, पन्नास वर्षं कर भरलेली माणसं नोकरी, घर, उपचार सगळ्याला मुकली. कायदा त्यांच्याच बाजूने होता म्हणतात. मग घोडं अडलं कुठे?

गोदाकाठ:
'आपोआप' या शब्दात. १९४८च्या कायद्याने वसाहतींतले लोक ब्रिटनचेच नागरिक होते. मुलं अनेकदा आईबापांच्या पासपोर्टवर आली. १ जानेवारी १९७३ला १९७१चा कायदा लागू झाला आणि त्या दिवशी स्थायिक असलेल्यांना कायम राहण्याचा हक्क आपोआप मिळाला. अर्ज नाही, म्हणून शिक्का नाही, म्हणून गृहखात्याकडे यादीही नाही. उतरतानाच्या नोंदचिठ्ठ्या शिल्लक होत्या, त्या २०१०मध्ये नष्ट केल्या.
अवांतर: याच कायद्याने आई किंवा बाप ब्रिटनमध्ये जन्मलेल्यांना मुक्तद्वार ठेवलं. कायद्यात रंगाचा उल्लेख नाही, पण कॅनडा-ऑस्ट्रेलियातले गोरे आत आणि नव्याने येऊ पाहणारे जमैकावाले बाहेर, हे जमलंच.

चिकित्सक:
+१. पुढे २०१४ आणि २०१६च्या कायद्यांनी कागद तपासणी घरमालक, बँकांच्या गळ्यात मारली; कंपन्यांवर ती आधीपासूनच होती. राहण्याचा हक्क नसलेला भाडेकरू ठेवला तर तेव्हा माणशी ३,००० पौंडांपर्यंत दंड होता, कामगार ठेवला तर २०,०००पर्यंत. दंडाच्या धाकाने घरमालक पासपोर्ट नसलेल्याला टाळू लागले, काळ्या माणसाला तर आधी. गृहखातं पुरावा मागायचं तो दर वर्षाचा, बऱ्याचदा वर्षाला चार कागद. शाळा कधीच बंद झालेली, दवाखान्यात जुनी फाइल नाही, आणायचे कुठून? नॅशनल इन्शुरन्सच्या (पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विम्याच्या) नोंदी सरकारच्याच दुसऱ्या खात्यात पडून होत्या. शिवाय सलग दोन वर्षांहून जास्त बाहेर राहिलं की हक्क जायचा.

भटकभवान्या:
भारतातून तेव्हा गेलेल्यांचं काय?

गोदाकाठ:
१९७३पूर्वी स्थायिक झालेला राष्ट्रकुलातला कुणीही, अशा लोकांना हक्काचे कागद देण्यासाठी सरकारने आणलेल्या २०१८च्या योजनेत बसतो, भारतीयसुद्धा. मात्र कागदांचा अर्ज (फुकट) वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. कागद हातात आले म्हणून भरपाई आपसूक येत नाही. इथेच लोक फसतात. नोकरी गेली असेल तर कारण लिहिलेलं कंपनीचं पत्र सगळ्यात कामाचं. मनस्तापाची भरपाई आधी २५० पौंडांपासून सुरू व्हायची. डिसेंबर २०२०पासून किमान १०,००० केली. दाव्यासाठी सरकारी खर्चाने वकील सहसा मिळत नाही.