रात्रीचं आंतरराष्ट्रीय विमान, सोबत आई. घरातून किती वाजता निघू?

रानजाई

नमस्कार. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन दादाकडे चालले आहे. तिचा हा पहिलाच परदेश प्रवास. वय ७४, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. घरातल्या घरात काठीशिवाय वावरते, पण रांगेत दहा मिनिटांवर उभं राहणं तिला जमत नाही. विमान मंगळवारी रात्री २.१५ चं आहे. मध्ये एकदा विमान बदलायचं आहे, तिकीट एकच आहे. सामानात द्यायच्या चार बॅगा.

घरापासून एअरपोर्ट गाडीने तासाभरावर. दादा म्हणतो, संध्याकाळी सातलाच निघा. नवरा सोडायला येणार आहे, त्याचं म्हणणं की वेब चेक-इन झालेलं असेल तर अकराला निघालं तरी पुरे. मला दोघांच्या मधली एखादी वेळ धरून मोकळं व्हायचं नाहीये, कशामुळे किती वेळ लागतो ते समजून घ्यायचं आहे. आईला तिथल्या कडक खुर्चीवर पाच तास बसवायचं जिवावर येतं, आणि तिला घेऊन धावाधाव करायचा तर विचारही नको वाटतो. तुम्ही लोक कसं ठरवता?

साधासरळ

देशांतर्गत असेल तर दोन तास, आंतरराष्ट्रीय असेल तर तीन तास. सोबत वयस्कर माणूस असेल तर वर अर्धा तास. आम्ही इतकी वर्षं हेच धरून चालतो, कधी अडचण आली नाही.

दीपस्तंभ

रानजाईताई, मी काही वर्षं चेक-इन काउंटरवर काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विमान २.१५ ला सुटणार, या वेळेवरून हिशेब करू नका. तुमच्यासाठी खरी वेळ म्हणजे काउंटर बंद होण्याची. आंतरराष्ट्रीय विमानांना ती बहुतेक ठिकाणी सुटण्याच्या ६० मिनिटं आधी असते, काही कंपन्या ७५ किंवा ९० मिनिटंही ठेवतात. तिकिटाच्या मेलमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेली असते, ती शोधून कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून काढा. तुमच्या बाबतीत ६० मिनिटं असतील तर तुमचं विमान १.१५ ला सुटतं असं समजून चाला.

एवढं आधी का बंद करतात, हे लोक नेहमी चिडून विचारायचे. तुमची बॅग पट्ट्यावर गेली की तिची तपासणी होते, मग ती त्या विमानाच्या ढिगात जाते, तिथून गाडीने विमानापाशी, मग पोटात. दुसरीकडे किती माणसं, किती सामान, ते विमानात कुठे ठेवलंय यावरून वजनाचा आणि तोलाचा हिशेब होतो आणि तो कागद वैमानिकाच्या हातात पडल्याशिवाय विमान हलत नाही. शिवाय सामान चढलं पण माणूस आलाच नाही, तर ती बॅग शोधून उतरवावी लागते. काउंटरवरच्या मुलीने दया दाखवायची ठरवली तरी वेळ संपल्यावर तिच्या कॉम्प्युटरवर ते विमान बंद झालेलं असतं.

आता उलट दिशेने मोजा. चार बॅगा आणि परदेश प्रवास म्हणजे काउंटरवर जावंच लागणार. वेब चेक-इनमुळे जागा पक्की होते, पण पासपोर्ट आणि व्हिसा माणूसच बघतो. रांग धरून तासभर ठेवा. त्यानंतर इमिग्रेशन आणि सिक्युरिटी मिळून तास. मग गेटपर्यंतचं अंतर, मोठ्या एअरपोर्टवर ते सहज १५-२० मिनिटांचं असतं. गेट सुटण्याच्या साधारण २० मिनिटं आधी बंद होतं. एवढं धरलं तर साडेअकराला पोचूनही जेमतेमच. त्यात वर्दळीची आणि आईंची सवड म्हणून अर्धा तास घाला. रात्री अकराला एअरपोर्टच्या दारात, हे माझं उत्तर.

सातला निघून आठला पोचण्यात मात्र अर्थ नाही. काउंटर बहुधा सुटण्याच्या तीन-चार तास आधी उघडतात. त्याआधी गेलात तर चार बॅगा सांभाळत बाहेरच बसावं लागेल, आणि तिथे आईंना पाय पसरायलाही जागा नसते.

पाऊलवाट

दीपस्तंभ म्हणतात त्यातला शब्द न् शब्द खरा. दोन वर्षांपूर्वी मी काउंटरला पोचले तेव्हा विमान सुटायला ५२ मिनिटं होती. काउंटर ६० ला बंद. वरच्या पडद्यावर माझ्या विमानाचं नाव जाऊन पुढच्या विमानाचं आलेलं होतं. मी पडद्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं की मी चुकीच्या रांगेत उभी आहे. कंपनीची काही चूक नव्हती. चूक माझी, मी सुटण्याच्या वेळेवरून मोजलं होतं. नवं तिकीट काढावं लागलं आणि भावाच्या लग्नाच्या आदल्या दिवसाऐवजी लग्नाच्या दिवशी सकाळी पोचले.

आणखी एक. एका एअरपोर्टला दोन-तीन टर्मिनल असतात आणि काही ठिकाणी त्यांच्यात कित्येक किलोमीटरचं अंतर असतं. गाडीवाल्याला टर्मिनलचा नंबर आधीच सांगून ठेवा, आणि निघायच्या दिवशी पुन्हा तपासा, कारण ते बदलूही शकतं.

सुरंगी

माझ्या सासूबाईंना मी दोनदा अशीच घेऊन गेले आहे, त्यामुळे व्हीलचेअरबद्दल लिहिते. तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही. मागितली नसेल तर आजच मागा.

निदान ४८ तास आधी कंपनीला कळवायचं असतं. फोनवर विचारतात, जिना चढता येतो का, विमानात सीटपर्यंत चालता येतं का. खरं ते सांगा. त्यांच्याकडे तीन प्रकार असतात: लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात, पायऱ्याही चढवत नाहीत, आणि अजिबात चालता येत नाही. संकोचाने "चालते तशी" म्हणालात तर ऐन वेळी बसने विमानापाशी नेऊन जिना चढायला लावतील.

खुर्ची मिळाली की बऱ्याच रांगांमधून पुढे नेतात, हे खरं. पण खुर्ची ढकलणारा माणूस लगेच मिळेलच असं नाही. आम्ही एकदा काउंटरपाशी ३५ मिनिटं नुसतं थांबलो होतो. म्हणून व्हीलचेअर आहे म्हणून उशिरा निघायचं, असं करू नका.

सिक्युरिटीत गुडघ्यातल्या धातूमुळे यंत्र वाजणार. मग बाजूला नेऊन हाताने तपासतात, पाच-दहा मिनिटं जातात. सासूबाई पहिल्यांदा फार घाबरल्या होत्या. त्यांना वाटलं आपल्याकडे काहीतरी सापडलं. आईंना आधीच सांगून ठेवा की यंत्र वाजेल, एक बाई येतील, हात लावून बघतील आणि सोडतील. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी स्वतःच गुडघ्यावर हात ठेवून खुणेने सांगितलं, आणि ती बाई हसली.

मधल्या एअरपोर्टवर एक लक्षात ठेवा. व्हीलचेअरवाले प्रवासी सगळ्यांच्या शेवटी उतरतात. तुम्हाला मध्ये किती वेळ आहे?

रानजाई

मधे साडेतीन तास आहेत. व्हीलचेअर मागितलेली नाही, आईच नको म्हणत होती. सुरंगीताई, तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवते.

सुरंगी

साडेतीन तास भरपूर. तिकीट एकच आहे तर सामान थेट जायला हवं, तरी बॅगेला चिठ्ठी लावताना त्यावरची तीन अक्षरं शेवटच्या एअरपोर्टची आहेत ना, ते बघून घ्या. देशाच्या नियमांमुळे काही ठिकाणी मध्येच सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, काउंटरवर स्पष्ट विचारा.

दीपस्तंभ

वेळ जातो तो बहुतेक वेळा बॅगांपायी. माझ्यासमोर रोज लोक जमिनीवर बॅगा उघडून कपडे इकडून तिकडे करत बसायचे. घरीच वजन करा आणि प्रत्येक बॅगेत एखादा किलो कमीच भरा.

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या सामानातल्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत ठेवायच्या. चुकून राहिल्या तर तपासणीत बॅग बाजूला काढतात आणि तुम्हाला शोधायला माणूस येतो, तोवर तुम्ही पुढे गेलेले असता. पॉवर बँकवर लिहिलेला आकडा १०० वॅट-अवरच्या आत हवा. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, ती चालते.

हातातल्या बॅगेत द्रव पदार्थ १०० मिलीच्या बाटल्यांतच, ही मर्यादा २००६ पासून आहे. काही एअरपोर्टवर नवीन यंत्रं आल्यामुळे सैल झाली आहे, पण तुम्ही विमान बदलणार, तेव्हा कडक नियम धरूनच भरा. आईंची पातळ औषधं असतील तर चिठ्ठीसकट वेगळ्या पिशवीत, वरच ठेवा.

मध्यरात्र

सगळं वाचलं. माझा एकच प्रश्न, आणि कृपया उत्तर द्या. तुम्ही "मंगळवारी रात्री २.१५" लिहिलंय. तिकिटावर नेमकी तारीख कोणती आहे? मंगळवार ०२.१५ असेल तर ती सोमवारची रात्र संपतानाची वेळ आहे. म्हणजे घरातून सोमवारी निघायचं. आमच्या नात्यातलं एक कुटुंब यात चुकलं होतं, चोवीस तास उशिरा एअरपोर्टवर पोचलं.

साधासरळ

+१. रानजाई, हे आधी बघा.

रानजाई

आत्ता तिकीट उघडून बघितलं. मंगळवार, ०२.१५ असंच आहे.

आम्ही सगळेच मंगळवारी रात्री निघायचं धरून होतो. गाडी मंगळवारची सांगितली होती, नवऱ्याने बुधवारची रजा टाकली होती, आईच्या गोळ्यांचं वेळापत्रकही त्याच हिशेबाने लिहिलं होतं. सात की अकरा यावरून आम्ही चार दिवस वाद घालतोय आणि कुणीच तारीख बघितली नाही. माझे हात अजून गार आहेत. मध्यरात्र, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

गाडी सोमवारची करून घेतली. व्हीलचेअरसाठी कंपनीला फोन केला, ४८ तासांच्या अटीत बसलो. वाचून दाखवल्यावर आई स्वतःच म्हणाली, "मागून घे." पायऱ्या चढवत नाहीत असंच सांगितलं. काउंटर ७५ मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे रात्री १ ला. साडेदहाला पोचायचं ठरवलंय आणि सव्वानऊला घरातून निघायचं. तासाच्या रस्त्याला पंधरा मिनिटं सवड पुरेल ना, की आणखी ठेवू?

दीपस्तंभ

पंधरा मिनिटं कमीच. साडेआठला निघा. त्याआधी एखाद्या रात्री त्याच वेळेला फोनवरच्या नकाशात रस्ता किती वेळाचा दाखवतो ते बघा, आणि एअरपोर्टच्या साइटवर तुमच्या आधीच्या-नंतरच्या तासात किती विमानं सुटतात तेही मोजा. बरीच असतील तर इमिग्रेशनला गर्दी असणार. लवकर पोचलात तर काउंटर उघडेपर्यंत थोडं थांबावं लागेल, पण धावाधाव तरी होणार नाही.

सुरंगी

आईंसाठी हवा भरायची छोटी उशी आणि पायात घालायचे मोजे हातातल्या बॅगेत ठेवा. त्या खुर्च्या खरंच कडक असतात.

रानजाई

साडेआठ पक्कं. उशी आजच आणते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या तारखा आत्ता परत एकदा बघितल्या, आईच्या पासपोर्टला दोन वर्षं बाकी आहेत. नवरा बाजूला बसून सोमवार, सोमवार म्हणत कॅलेंडरवर गोल करतोय.