‘आमचं खटलं’ ग्रुपवर पोपटाचा विषय

काटोलचे मामा: (फोटो: कानाला पट्टी) हे पहा तुमच्या मामाचे हाल. नातवाच्या हट्टापायी नागपूरहून तो पिवळा पोपट आणला, सन कनूर का काय म्हणते. संत्र्याच्या बागेतून पोपट हाकलता हाकलता जिंदगी गेली, आन आता पैसे देऊन कान फोडून घेतला.

मावशी: अरे देवा! टाके पडले का?

काटोलचे मामा: नाई, चिरलं थोडंसं. पण रेबीजचं इंजेक्शन घ्या लागते का ते सांगा. सकाळी सरकारी दवाखान्यात जातो मंग.

पप्पू: मामाजी, छिद्र झालंच आहे तर भिकबाळी घालून घ्या.

मामी: हसू नको रे. मी तर पिंजरा पडवीत ठेवला अन दार लावून घेतलं. पोट्ट्याच्या डोळ्याले लागलं असतं म्हंजे?

दर्यापूरचा भाचा: मामाजी, रेबीज सस्तन प्राण्यांचा रोग आहे. कुत्रा, मांजर, माकड, मुंगूस. पक्ष्यांपासून होत नाही. त्याचं इंजेक्शन नको. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली धुवा, आणि धनुर्वाताचं घेऊन बरेच दिवस झाले असतील तर ते घ्या. सूज, पू, ठणका असं काही वाटलं तर मात्र डॉक्टरले दाखवा. आणि पुढे कधी ताप-खोकला लांबला तर घरात पोपट आहे हे आठवणीनं सांगा. पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून छातीचा एक आजार होतो, आणि डॉक्टरच्या ते ध्यानात येत नाही.

मामी: डॉक्टरसाहेब आले. आता बोला.

दर्यापूरचा भाचा: डॉक्टर नाही मामी, गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली आहो. पण आता गाई-बकऱ्यांपेक्षा पोपटवालेच जास्त फोन करून राहिले.

धाकटे मामा: एक सोपा उपाय सांगतो. मिरच्या बंद करा. तिखट खाल्लं का पोपट तिखट होते.

पप्पू: यूट्यूबवर तर म्हणते का चावला की चोचीवर टिचकी मारायची.

अकोल्याची वहिनी: आमच्या शेजारी पंख कापून घेतले होते. तरी चावतेच.

दर्यापूरचा भाचा: थांबा थांबा, एकेक. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांले लागतच नाही. आपल्या तोंडात जो जाळ होतो तो त्यांच्या तोंडात होत नाही, शरीराची घडणच तशी. म्हणून तर पाखरं मिरच्या मजेनं खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. भिवापुरी द्या नाहीतर ढोबळी, त्याच्या स्वभावात काही फरक पडत नाही.

टिचकी बिलकुल नको. चोच म्हंजे त्याचा हात, त्याचा तिसरा पाय. फांदीवर चढायच्या आधी तो चोचीनं फांदी दाबून पाहते, वजन पेलते का नाही. तुमच्या बोटावर चढतानाही तेच करते. आपल्याले वाटते चावते, आपण हात झटकतो, तो पडता पडता वाचते, अन पुढच्या वेळी खरंच जोरात धरते. अर्धे ‘चावरे’ पोपट मालकांनी असेच बनवले. टिचकी मारली तर तो एवढंच शिकेल का हात आला म्हंजे मार आला.

आणि पंख कापलेल्या पोपटाले उडून जाता येत नाही, मंग उरते काय? चोच. वहिनी, शेजारच्यांचा म्हणूनच चावते.

काटोलचे मामा: ते सारं बरोबर. पण मी तर त्याले काहीच केलं नाही. खांद्यावर बसला होता, मी टीव्ही पाहून राहिलो होतो.

दर्यापूरचा भाचा: किती वाजले होते? घरात कोणी आलं होतं का?

मामी: मी सांगते. साडेदहा झाले होते रातचे. शेजारचं पोट्टं आलं, डोक्यात लाल टोपी, त्याच्यासोबत त्याचा कुत्रा. हे टीव्हीत गुंग. पोपट दोनदा फुगला, मले दिसलं. तिसऱ्या बारीले कान धरला.

दर्यापूरचा भाचा: बस, सापडलं. मामी, तुमची नजर मामाजीपेक्षा चांगली आहे.

पहिलं म्हंजे झोप. पोपटाले रातचे दहा-बारा तास अंधार अन शांतता लागते. तुमच्याकडे तो अकरापर्यंत टीव्हीसमोर अन पहाटे मोटार लावायले तुम्ही उठता तेव्हापासून परत जागा. झोप न झालेलं लेकरू कसं करते?

दुसरं, तो तुमच्यावर चिडलाच नव्हता. कुत्र्याले अन टोपीले घाबरला. ज्याच्यावर राग आहे तिथवर पोचता येत नाही, मंग जवळ जे असेल त्याले चावते. लाडका माणूस असला तरी. म्हणून अजून ओळख पुरती झाली नसताना खांद्यावर बसवायचंच नाही. तिथे त्याचे डोळे तुम्हाले दिसत नाहीत अन तुमचा कान, डोळा, ओठ सगळं त्याच्या चोचीजवळ.

काटोलचे मामा: डोळ्यात काय दिसते?

दर्यापूरचा भाचा: बुबुळातलं काळं भराभर लहान-मोठं होते. मानेवरची पिसं उभी राहतात, शेपूट पंख्यासारखी पसरते, अंग पुढे झुकते. काही काही पोपट उलटे एकदम सडपातळ होऊन ताठ उभे राहतात. ती भीती. चावणं हे त्याचं शेवटचं बोलणं असते, आधीचं तो अंगानं बोलून चुकलेला असते. जंगलातल्या थव्यात एवढ्यावरच भागते, समोरचा सरकून जाते. आपण सरकत नाही.

मावशी: आमच्या इथे हिंगणघाटले लव्हबर्ड आहे दोन. एक लय गुणी. दुसरी पिंजऱ्यात हात घातला का रक्तच काढते. बाहेर आली का गरीब गाय. दोन तोंडाची आहे का?

दर्यापूरचा भाचा: मावशी, फोटो टाक बरं. बजरी, म्हंजे ते छोटे रंगीत पोपट, त्यांलेच लोकं लव्हबर्ड म्हणून विकते.

मावशी: (फोटो)

दर्यापूरचा भाचा: नाही, खरेच लव्हबर्ड आहेत, गुलाबी तोंडाचे. आफ्रिकेतले. ती कागद फाडून लांब पट्ट्या करते का? अन त्या पाठीमागच्या पिसांत खोचते?

मावशी: अगबाई, हो! पेपर ठेवतच नाही धड. तुले कसं समजलं?

दर्यापूरचा भाचा: ती मादी आहे, घरटं करून राहिली. या जातीत घर मादीचं. पिंजऱ्यात हात म्हंजे तिच्या घरात चोर. हात घालूच नको. काडी पुढे कर, काडीवर बाहेर येऊ दे, मंग दाणे-पाणी बदल. कागद अन मातीचं मडकं असेल तर काढून टाक. पंधरवड्यात फरक दिसेल.

हिंगणघाटचे काका: आज सरकीचा भाव कोणाले माहीत आहे का?

मावशी: अहो, पोपटाचं चालू आहे ना. तिकडच्या ग्रुपवर टाका.

अकोल्याची वहिनी: भाऊजी, माझी कॉकटेल, ती तुऱ्याची पोपटीण, कधीच चावत नव्हती. आता दिवाणाखाली घुसते, काढायले गेलं का सापासारखी फुसफुसते. काल चावली.

दर्यापूरचा भाचा: तुरा कसा असते तेव्हा?

अकोल्याची वहिनी: पार मागे, डोक्याले चिकटलेला.

दर्यापूरचा भाचा: कॉकटेलचं तेवढं बरं आहे, डोक्यावरच सारं लिहिलेलं असते. तुरा चिकटला अन फुसफुसली म्हंजे हात मागे. एकदम ताठ उभा म्हंजे दचकली. मधोमध सैल म्हंजे खुशीत. दिवाणाखालचा अंधार तिले ढोली वाटून राहिला, तिथे अंडी द्यायचा बेत आहे तिचा. दिवाणाच्या खाली उशा-गाद्या लावून जागा बंद करा. आणि तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवता का?

अकोल्याची वहिनी: रोज. तिले आवडते.

दर्यापूरचा भाचा: आवडेलच. पाठीवर अन पंखाखाली हात म्हंजे तिच्या हिशोबानं जोडीदाराचा हात. फक्त डोकं अन मान खाजवा.

पप्पू: दादा, आमच्या रूम पार्टनरच्या घरी आफ्रिकन ग्रे आहे. त्याच्या आईशिवाय सगळ्यांले चावतो. तो डेंजर असतो ना सगळ्यात?

दर्यापूरचा भाचा: डेंजर नाही, भित्रा. हुशार आहे म्हणून जास्तच भित्रा. नवी पिशवी, नवा पडदा, मिशी काढलेला बाप, कशानंही बिथरते. एका माणसाले धरून राहते, म्हणून घरातल्या सगळ्यांनी थोडं थोडं दाणे देत राहायचं. अमेझॉन पोपट याच्या उलट. त्याचा आनंद अन राग सारखाच दिसते, डोळे फिरवते, शेपूट पसरते, अन गाणं म्हणता म्हणता चावते. मकाव नुसता अंगावर येऊन घाबरवते, माणूस मागे सरला की त्याले खेळ सापडला. पण त्याची चोच कडक कवचाची फळं फोडते, त्याच्या वाट्याले जायचं नाही. बजरीची तर चोचच केवढी, चिमटा बसेल फार तर.

कनूर म्हंजे या सगळ्यात पोट्टं. मामाजीचा वर्षाच्या आतला आहे. लहान पिल्लू सगळं चोचीत घालून पाहते, अन खेळाच्या भरात जोर किती लावायचा ते त्याले अजून समजत नाही.

काटोलचे मामा: चावला का करायचं काय मंग? मी तर बोंबललो.

मामी: बोंबलले? वावरापर्यंत आवाज गेला. सारे धावत आले.

दर्यापूरचा भाचा: हेच तर त्याले पाहिजे. तो स्वतः एवढा ओरडणारा, त्याले वाटलं मामाजीनं मस्त साथ दिली, सारं घर गोळा झालं. आवाज करायचा नाही. हात ओढायचा नाही, ओढला का कातडी फाटते. उलट हात किंचित त्याच्याकडे न्यायचा, पकड सुटते. मंग गुमान दांडीवर ठेवायचं अन पाठ फिरवायची. थोड्या वेळानं जसं काही झालंच नाही.

आणि चांगलं शिकवायचं असेल तर एक काडी घ्या. काडीच्या टोकाले त्यानं चोच लावली का लगेच सूर्यफुलाची एक बी. बी फक्त या वेळीच, वाटीत नाही ठेवायची. काडी निंबाची घ्या. तुराटी-पऱ्हाटीची नको, फवारणी झालेली असते. नातवाले सांगा, वरून पंजा टाकून धरायचं नाही. वरून काही आलं का त्याले शिकराच आल्यासारखं वाटते. हात खालून, छातीसमोर.

धाकटे मामा: एवढं सारं करण्यापेक्षा आमचा मिठू बरा. निंबाच्या ढोलीतून वादळात पडलेलं पिल्लू, आजीनं भिजवलेली डाळ चारून मोठं केलं. आता कंठ आला. पण हे हरभऱ्याचे दिवस आले का आजी सोडून कोणालेच जवळ येऊ देत नाही.

दर्यापूरचा भाचा: आपल्याकडच्या हिरव्या पोपटाचा हाच विणीचा काळ आहे, म्हणून. पण मामाजी, खरं सांगू का, राग मानू नका. आपला देशी पोपट 1972 च्या वन्यजीव कायद्यात आहे. कंठवाला, लाल खांद्याचा पहाडी, जांभळ्या डोक्याचा, कोणताच घरात ठेवता येत नाही.

धाकटे मामा: मंग काय आजीले जेलात टाकतं? विकत थोडीच आणला. जीव वाचवला तिनं.

दर्यापूरचा भाचा: वाचवला हे चांगलंच केलं. पण एकदम सोडूनही देऊ नका, त्याले बाहेर दाणा शोधता येत नाही, दुसऱ्या दिवशी मांजर खाईल. वन विभागाचा 1926 नंबर आहे, त्यावर बोला. नागपूरले सेमिनरी हिल्सवर त्यांचं उपचार केंद्र आहे, तिथे असे पक्षी घेतात.

धाकटे मामा: आजीले तू सांग. मी नाही सांगत.

मावशी: आईले मी सांगीन, पण पोळ्याच्या आत नाही. बाबाच्या वर्षश्राद्धाचं होऊ दे आधी.

दर्यापूरचा भाचा: मावशी, तारीख तू ठरव, पण ठरव.

काटोलचे मामा: माझा तर परदेशी आहे. माझ्यावर काही नाही ना?

दर्यापूरचा भाचा: पाळता येते, पण नोंदवा लागते. 2024 च्या नियमांनुसार, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर. मावशीचे लव्हबर्ड, वहिनीची कॉकटेल, बजरी हे नोंदवा लागणाऱ्या पक्ष्यांच्या यादीत नाहीत. कनूर आहे. दुकानाची पावती आहे ना?

काटोलचे मामा: दुकानदार म्हणे पावती नंतर देतो.

मामी: मी तेव्हाच म्हटलं होतं.

दर्यापूरचा भाचा: पप्पू, शनिवारी तू नागपुरातच आहेस ना? दुकानात जाऊन पावती घे. पक्षी कुठून आला तेही लिहून घे.

पप्पू: जातो दादा. तिथे एक पांढरा काकाकुवा पण आहे, भारी बोलतो.

मामी: पावतीच आणजो. काकाकुवा घेऊन आला तर तूच घेऊन बस त्याले तुझ्या होस्टेलवर.